जुन्या ब्रिटिश पेनी आणि टोकने : दुर्मीळ प्रकार ओळखण्याची आणि जमवण्याची पद्धत

ब्रिटनच्या जुन्या पेनींकडे नव्याने वळलेला संग्राहक सहसा सर्वांत आधी सन पाहतो आणि नाणे जितके जुने तितके ते दुर्मीळ असे धरून चालतो. प्रत्यक्षात तिसऱ्या जॉर्जच्या काळातील १७९७ सालची जाडजूड तांब्याची पेनी झिजलेल्या अवस्थेत आजही सहज मिळते, तर पाचव्या जॉर्जची १९३३ सालची पेनी बहुतेक संग्राहकांना केवळ संग्रहालयाच्या काचेआडच पाहायला मिळते. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे, एकाच सनाच्या आणि वरवर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पेनींपैकी एक सामान्य आणि दुसरी अतिशय दुर्मीळ असू शकते. हा फरक ठशांमधला असतो. धातूची चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबून नाणे तयार होते. मागणी मोठी असलेल्या वर्षी टांकसाळीत असे कितीतरी ठसे झिजत आणि बदलले जात. कधी जुन्या ठशावरच्या आकड्यावर नवा आकडा ठोकला जाई, तर कधी कोरणारा कारागीर माळेतले एखादे पान किंवा समुद्राची रेषा बदलून नवा ठसा घडवी. ज्या जोडीतून थोडीच नाणी निघाली, ती जोडी दुर्मीळ ठरली. म्हणून आपल्या हातातले नाणे नेमक्या कोणत्या दोन ठशांमधून निघाले हे ओळखणे, हेच या छंदातले मुख्य काम आहे.

त्यासाठी फार साहित्य लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंतचे वजन दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायला प्लास्टिकचा कॅलिपर आणि एका बाजूने तिरपा प्रकाश टाकता येईल असा दिवा पुरेसा आहे. धातूचा कॅलिपर टाळावा, कारण त्याने कडेवर ओरखडा उठतो. दिव्याचे महत्त्व नवशिक्यांना सहसा उशिरा कळते. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात जो आकडा सपाट दिसतो, त्याच्याखाली दडलेला जुना आकडा तिरप्या उजेडात सावली धरून वर येतो. नाणे हळूहळू फिरवत चारही बाजूंनी उजेड घ्यावा आणि मगच मत बनवावे.

वजन आणि माप आधी, सन नंतर

१५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले. त्याआधी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पाउंड, म्हणजे एका पाउंडात २४० पेन्स असा हिशेब होता. मध्ययुगात पेनी चांदीची होती. ज्या मोठ्या तांब्याच्या आणि ब्राँझच्या पेनींचा येथे विचार करायचा आहे त्यांची सुरुवात १७९७ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांच्या बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीत, वाफेवर चालणाऱ्या यंत्रांवर झाली.

नाणे हाती आले की ते आधी काट्यावर ठेवावे. १७९७ ची पेनी बरोबर एक औंसाची, म्हणजे सुमारे २८.३ ग्रॅमची असून तिचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. १८०६ आणि १८०७ च्या पेनी सुमारे १८.९ ग्रॅमच्या आणि ३४ मिलिमीटरच्या आहेत, आणि तांब्याच्या पेनीचे हे माप थोड्याफार फरकाने १८६० पर्यंत टिकले. त्या वर्षी तांब्याच्या जागी ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील आणि १ टक्का जस्त असलेले ब्राँझ आले आणि पेनी ३१ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ९.४ ग्रॅम वजनाची झाली. अशा तीन पेनी मिळून एक औंस होतो. या आकड्यांचा उपयोग लगेच दिसतो. १८६० सालच्या ब्राँझच्या पेनी विपुल आहेत, परंतु त्याच सनाची जुन्या मोठ्या मापाची तांब्याची पेनीही थोड्या संख्येने पाडली गेली, आणि तिच्यावरील सनात ५९ वर ६० ठोकलेले असतात. वर्णनात फक्त ‘व्हिक्टोरिया, १८६०’ लिहिलेले असेल तर फरक कळत नाही, काटा १८.८ दाखवतो की ९.४, यावरून तो क्षणात कळतो.

वजनानंतर अक्ष, म्हणजे नाण्याच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरळ आहेत की उलट, हे पाहावे. नाणे वरच्या आणि खालच्या कडेला बोटांत धरून उभ्या अक्षाभोवती फिरवल्यावर व्हिक्टोरियाच्या तांब्याच्या पेनीवरील ब्रिटानिया (मागच्या बाजूची, ढाल आणि त्रिशूळ घेतलेली, ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री) उलटी दिसते, तर १८६० नंतरच्या चलनी ब्राँझच्या पेनीवर ती सरळ दिसते. अपेक्षेपेक्षा वेगळा अक्ष दिसला तर ते नाणे खास पाडलेले नमुना-नाणे असू शकते किंवा बनावटही असू शकते, म्हणून ते बाजूला ठेवून सावकाश तपासावे.

तांब्याच्या पेनी

रुंद उंचावलेल्या कडेमुळे १७९७ च्या पेनीला ‘कार्टव्हील’ म्हणतात. हिच्यावर राजाच्या मस्तकावरील माळेत दहा पाने असलेले आणि अकरा पाने असलेले असे दोन प्रकार आहेत. हे नाणे प्रत्यक्षात नंतरची काही वर्षेही पाडले गेले, पण सन १७९७ च राहिला. सोहो टांकसाळीचे काही ठसे पुढे खासगी हातात गेले आणि त्यांतून संग्राहकांसाठी उशिराने नाणी पाडली गेली. अशा नाण्यांच्या सपाट भागावर गंजलेल्या ठशाचे बारीक उंचवटे अनेकदा दिसतात, म्हणून ‘टांकसाळीतून आताच आल्यासारखी’ सोहो पेनी पाहताना सपाट भागाकडे भिंगाने जरूर बघावे.

१८०६ च्या पेनीवर राजाच्या केसांमागे फितीच्या गाठीजवळ एक खोलगट कोरलेली बट काही ठशांवर आहे आणि काहींवर नाही. चौथ्या जॉर्जच्या १८२६ च्या पेनीवर ब्रिटानियाच्या ढालीवरील तिरप्या क्रुसाकडे पाहावे. तो क्रूस साधा, मधोमध बारीक रेघ असलेला किंवा जाड रेघ असलेला असा तीन प्रकारांत आढळतो. १८२७ ची पेनी चांगल्या स्थितीत फार क्वचित मिळते. चौथ्या विल्यमच्या १८३१ च्या पेनीवर मानेच्या कापाखाली कोरणाऱ्या विल्यम वायन यांची आद्याक्षरे आहेत की नाहीत आणि असल्यास त्यांतील टिंबे कुठे आहेत, यावरून प्रकार ठरतो.

व्हिक्टोरियाच्या तांब्याच्या पेनी म्हणजे आकड्यावर आकडा ठोकलेल्या ठशांचे मोठे भांडारच आहे. १८४८ मध्ये ८ खाली ७ किंवा ६ दिसतो, १८५४ मध्ये ४ खाली ३ दिसतो आणि १८५८ मध्ये शेवटच्या ८ खाली ७ किंवा ३ दिसतो. १८५३ ते १८५७ या वर्षांत ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या पात्यांच्या मुळाशी नक्षी असलेला आणि नक्षी नसलेला असे दोन प्रकार आहेत. लॅटिन लेखातील ‘डीईएफ’ (‘रक्षक’ या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप) या अक्षरांनंतरचे दोन टिंबांचे विरामचिन्ह अक्षरांना चिकटून आहे की अंतर राखून आहे, हेही काही वर्षांत नोंदवावे लागते. १८४३, १८४९ आणि १८५६ या सनांची नाणी कोणत्याही प्रकारची असली तरी कमी भेटतात, म्हणून ती दिसली की थांबून पाहण्यासारखी आहेत.

ब्राँझच्या पेनी : शिकण्याची सर्वांत चांगली जागा

माझ्या मते नव्या संग्राहकाने १८६० ते १९०१ या काळातील व्हिक्टोरियाच्या ब्राँझच्या पेनींपासून सुरुवात करावी. नाणी विपुल आहेत, साधी नाणी स्वस्तात मिळतात, आणि ठशांचे प्रकार इतके आहेत की डोळा तयार होण्यासाठी दुसरी शाळा लागत नाही. या मालिकेसाठी मायकेल फ्रीमन यांचे वर्गीकरण सर्वत्र वापरले जाते. त्यात राणीच्या मुखाच्या ठशाला आकडा आणि ब्रिटानियाच्या ठशाला अक्षर दिलेले आहे, आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र क्रमांक व दुर्मीळतेची श्रेणी आहे. विक्रेत्यांच्या यादीत सनापुढे जो ‘एफ’ आणि आकडा दिसतो, तो हाच क्रमांक होय. तांब्याच्या नाण्यांसाठी सी. विल्सन पेक यांच्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीतील क्रमांक वापरतात. या दोन क्रमपद्धती समजल्याशिवाय महाग नाणे घेऊ नये.

१८६० च्या ब्राँझच्या पेनीवर लेनर्ड चार्ल्स वायन यांनी कोरलेली, मागे केसांचा अंबाडा घातलेली तरुण राणी आहे. ही ‘बन’ पेनी म्हणून ओळखली जाते. त्या पहिल्या वर्षातच कडेची दोन रूपे आली. आधीच्या ठशांवर कडेने बारीक मणी होते आणि नंतरच्या ठशांवर त्यांच्या जागी दाते आले. सामान्यतः दोन्ही बाजूंना मणी किंवा दोन्ही बाजूंना दाते असतात. एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दाते अशी मिश्र जोडी निघाली तर ती फार मोलाची आहे, म्हणून १८६० ची प्रत्येक पेनी उलटून दोन्ही कडा तपासल्याशिवाय खाली ठेवू नये. याच काळात कोरणाऱ्याची सही खांद्याखाली कुठे आहे आणि ढालीखाली त्याची आद्याक्षरे आहेत की नाहीत यांवरूनही ठसे वेगळे होतात.

पुढच्या वर्षांपैकी काही ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. १८६२ च्या काही थोड्या पेनींवर सनाचे आकडे नेहमीपेक्षा लहान, अर्ध्या पेनीसाठीचे वापरलेले आहेत. १८६३ च्या काही पेनींवर सनाच्या खाली ठशाचा एक छोटा क्रमांक आहे. तो इतका बारीक असतो की झिजलेल्या नाण्यावर तो कडेच्या दात्यांत हरवतो. १८६४ मध्ये ४ च्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटा उभा दांडा असलेला आणि नसलेला असे दोन आकडे आहेत. १८६५ मध्ये ५ खाली ३ असलेला ठसा आहे. १८६९ आणि १८७१ मध्ये नाणीच कमी निघाली, अनुक्रमे सुमारे २५.८ लाख आणि १२.९ लाख, त्यामुळे या दोन सनांच्या बाबतीत साधा प्रकारही जपून ठेवण्यासारखा आहे.

१८७४ पासून काही वर्षे टांकसाळीचे काम बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन अँड सन्स यांना दिले जाई आणि त्यांच्या पेनींवर सनाच्या खाली ‘एच’ हे अक्षर असते. १८७४, १८७५, १८७६, १८८१ आणि १८८२ या सनांवर ते सापडते. १८७५ ची ‘एच’ पेनी केवळ ७,५२,६४० निघाली, म्हणून ती मागणीत असते. १८८२ मध्ये मात्र उलट स्थिती आहे. त्या वर्षीची ‘एच’ असलेली पेनी सामान्य आहे आणि ‘एच’ नसलेली अतिशय दुर्मीळ आहे. याचा परिणाम म्हणून ‘एच’ झिजून गेलेल्या किंवा मुद्दाम घासून काढलेल्या असंख्य पेनी ‘एच’ नसलेल्या म्हणून पुढे केल्या जातात. अशा वेळी सनाखालचा भाग तिरप्या उजेडात आडवा धरून पाहावा. घासकाम झाले असेल तर तेथील पृष्ठभाग किंचित खोलगट किंवा वेगळ्या चमकेचा दिसतो. नाण्याचा इतर भाग ठळक असताना फक्त ‘एच’ची जागा मऊ दिसत असेल तर ते नाणे नाकारावे. एकूणच झीज जास्त असेल तर त्या नाण्याविषयी कोणताच दावा मान्य करू नये, कारण नसलेली गोष्ट झिजलेल्या नाण्यावरून सिद्ध होत नाही.

१८७० च्या दशकात सनातील आकड्यांमधील अंतर महत्त्वाचे ठरते. काही ठशांवर आकडे पसरलेले आहेत तर काहींवर जवळजवळ बसवलेले आहेत, आणि १८७७ सालचा जवळ आकडे असलेला प्रकार फारच थोड्यांना पाहायला मिळालेला आहे. हे अंतर डोळ्यांनी ठरवू नये. सनाचा पहिला आकडा कडेच्या कोणत्या दात्यावर येतो आणि शेवटचा कोणत्या दात्यावर येतो हे पाहून मधले दाते मोजावेत. दात्यांची संख्या हीच या बाबतीतली खरी मोजपट्टी आहे. १८८९ मध्ये राणीच्या माळेतील पाने मोजावीत. पंधरा पाने नेहमीची आहेत, चौदा पाने असलेला ठसा कमी आढळतो.

१८९५ मध्ये टॉमस ब्रॉक यांनी घडवलेले, डोक्यावर पदर घेतलेल्या वयस्क राणीचे मुख आले आणि ब्रिटानियाच्या बाजूचे दीपगृह व जहाज नाहीसे झाले. त्या पहिल्या वर्षी त्रिशूळाचे टोक आणि ‘पेनी’ शब्दातील पहिले अक्षर यांत साधारणपणे एक मिलिमीटर अंतर आहे. काही पेनींवर ते दोन मिलिमीटर आहे आणि तोच प्रकार शोधायचा असतो. १८९७ मध्ये ‘वन’ या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांमध्ये टिंब असलेली पेनी हा आणखी एक दुर्मीळ प्रकार आहे. पण टिंब गोल, उंचावलेले आणि ठशातूनच आलेले असले पाहिजे, नंतर पडलेल्या खळग्याची कड नव्हे.

विसाव्या शतकातील पेनी

सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या पेनीवर ब्रिटानियामागील समुद्राची रेषा दोन वेगवेगळ्या उंचींवर आढळते. सामान्य प्रकारात ती रेषा ब्रिटानियाचे पाय जिथे एकमेकांवर येतात त्या जागेला भिडते. कमी आढळणाऱ्या प्रकारात ती त्याखाली राहते. यालाच संग्राहक भरती आणि ओहोटीचा प्रकार म्हणतात. १९०३ मध्ये ३ ची टोके नेहमीपेक्षा मोकळी असलेला ठसा दुर्मीळ आहे.

पाचव्या जॉर्जच्या काळात १९१२, १९१८ आणि १९१९ या वर्षी पुन्हा हीटन यांनी पेनी पाडल्या, पण आता ‘एच’ सनाच्या डावीकडे आहे. १९१८ आणि १९१९ मध्ये किंग्ज नॉर्टन मेटल कंपनीनेही काम केले आणि तिच्या पेनींवर त्याच जागी ‘के एन’ आहे. ‘के एन’ पेनी नेहमीच कमी मिळतात आणि बहुधा त्यांची छाप मंद असते. या राजाच्या पेनींविषयी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. राजाचे मस्तक इतके उंच उठावाचे होते की छाप घेताना धातू त्या बाजूला ओढला जाई आणि ब्रिटानियाच्या बाजूला मस्तकाची फिकट छाया उमटे. ती छाया म्हणजे दोषपूर्ण ठसा नाही, आणि तिच्यामुळे आलेला ब्रिटानियाचा मंदपणा म्हणजे झीजही नाही. ही अडचण दूर करण्यासाठी मुख बदलण्यात आले आणि १९२६ च्या अखेरच्या काही पेनी त्या सुधारित मुखाच्या निघाल्या. १९२६ चे नाणे हाती आले की मानेच्या कापावरील शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल यांची आद्याक्षरे पाहावीत. जुन्या मुखावर ‘बी. एम.’ टिंबांसह, मध्याच्या जवळ आहे; सुधारित मुखावर टिंबे नाहीत आणि अक्षरे अधिक उजवीकडे आहेत. हा प्रकार चांगल्या अवस्थेत मिळवणे कठीण आहे.

१९३३ मध्ये चलनासाठी पेनींची गरजच नव्हती, परंतु नव्या इमारतींच्या पायाभरणीत त्या वर्षीच्या नाण्यांचा संच ठेवण्याच्या प्रथेमुळे अगदी मोजक्या पेनी पाडल्या गेल्या आणि सुमारे सात ज्ञात आहेत. १९७० मध्ये लीड्सजवळील मिडल्टन येथील चर्चच्या पायातील पेनी चोरीला गेली, आणि त्यानंतर त्याच भागातील दुसऱ्या चर्चमधील पेनी सुरक्षिततेसाठी काढून विकण्यात आली. बाजारात दिसणारी १९३३ ची पेनी म्हणजे जवळजवळ नेहमीच शेजारच्या सनाचा शेवटचा आकडा बदललेले नाणे किंवा सरळ प्रतिकृती असते. ज्याला या काळातील आवाक्यातली दुर्मीळ नाणी हवी असतील त्याने १९५० आणि १९५१ कडे वळावे. त्या वर्षी अनुक्रमे २,४०,००० आणि १,२०,००० पेनी निघाल्या आणि त्यांपैकी पुष्कळ बर्म्युडाला गेल्या. १९४० मध्ये ब्रिटानियाच्या खालची आडवी रेघ एकेरी आहे की दुहेरी हे पाहावे. एकेरी कमी मिळते. १९४४ ते १९४६ च्या पेनी टांकसाळीनेच रसायनाने काळसर केल्या होत्या, म्हणून त्यांचा काळेपणा मळ समजून काढायला जाऊ नये.

काय दुर्मीळ नाही

भिंग हाती घेतलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक नाण्यात नवा प्रकार दिसू लागतो. भरून गेलेली अक्षरे, ठशाला गेलेल्या तड्याची उंचावलेली रेघ, झिजलेल्या ठशामुळे पसरलेली कड या गोष्टी नोंदवाव्यात, पण त्यांना प्रकार म्हणू नये. १९४६ च्या पेनीवरील ‘वन’ शब्दानंतरचा स्वल्पविरामासारखा डाग हा अशा ठशातील दोषांपैकी प्रसिद्ध आणि ओळखीचा अपवाद आहे. दोन्ही बाजूंना राजाचे मुख असलेली पेनी ही बहुधा दोन नाणी कापून, एकात एक बसवून केलेली करामत असते आणि कडेच्या आतल्या बाजूला जोड दिसतो. चंदेरी मुलामा दिलेल्या, रंगीत मीना भरलेल्या किंवा घासून गुळगुळीत केलेल्या पेनी संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेल्या आहेत.

पेनीवर नंतर ठोकलेल्या शब्दांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘व्होट्स फॉर विमेन’ हे शब्द राजाच्या मुखावर ठोकलेली १९०३ ची पेनी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याचा तो अस्सल पुरावा आहे. अशी नाणी मी टोकनांच्या, म्हणजे व्यापाऱ्यांनी काढलेल्या खासगी नाण्यांच्या, जोडीला ठेवण्याच्या मताचा आहे. परंतु अक्षरांचे सुटे ठसे कोणालाही मिळतात, म्हणून अक्षरांच्या खळग्यांतील रंग बाकीच्या नाण्याइतकाच जुना आहे का, आणि अक्षरे ज्ञात अस्सल नाण्यांवरील अक्षरांशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय असे नाणे घेऊ नये.

टोकने

राजाच्या टांकसाळीने सुटे पैसे पुरवले नाहीत तेव्हा व्यापाऱ्यांनी स्वतःची टोकने काढली, आणि हे तीन वेगवेगळ्या काळांत घडले. पहिला काळ १६४८ ते १६७२ चा आहे. खानावळवाले, किराणा व्यापारी, कापडविके यांनी पाव, अर्ध्या आणि काही वेळा एका पेनीची लहान, पातळ टोकने काढली. त्यांवर दुकानदाराचे नाव, गाव, धंद्याचे चिन्ह आणि मधोमध तीन अक्षरे असतात. वरचे अक्षर आडनावाचे आणि खालची दोन नवराबायकोच्या पहिल्या नावांची असतात. काही टोकने चौकोनी, अष्टकोनी किंवा बदामाच्या आकाराची आहेत आणि ती गोल टोकनांपेक्षा कमी आढळतात. यांची दुर्मीळता गावावर अवलंबून असते. लंडनची टोकने पुष्कळ, एखाद्या छोट्या गावातील एकमेव दुकानदाराचे टोकन फारच थोडे. म्हणून एक परगणा किंवा एक धंदा निवडून जमवण्याची पद्धत येथे सर्वांत समाधान देणारी आहे.

दुसरा काळ १७८७ मध्ये सुरू झाला. वेल्सच्या अँगलसी बेटावरील पॅरिस माइन कंपनीने आपल्याच खाणीतील तांब्याची, सुमारे एक औंस वजनाची पेनी टोकने काढली. एका बाजूला ओकच्या माळेत बुरखा घेतलेल्या ड्रुइडाचे, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहिताचे, मुख आहे आणि दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली आद्याक्षरे व पेनी देण्याचे वचन आहे. ही टोकने ओळखताना माळेतील ओकची फळे मोजावी लागतात, कारण प्रकार त्यांच्या संख्येवरून ठरतात. पुढच्या दहा वर्षांत देशभर हजारो प्रकारची टोकने निघाली. त्यांत कॉव्हेंट्रीचे घोड्यावर बसलेल्या लेडी गोडायव्हाचे अर्ध्या पेनीचे टोकन आहे, लोखंड कारखानदार जॉन विल्किन्सन यांचे स्वतःच्या मुखाचे टोकन आहे, आणि लंडनचे पुस्तकविक्रेते टॉमस स्पेन्स यांची सरकारवर टीका करणारी टोकनेही आहेत. जेम्स काँडर यांनी १७९८ मध्ये त्यांची सूची केली, म्हणून ती काँडर टोकने म्हणून ओळखली जातात. आज क्रमांक मात्र डाल्टन आणि हेमर यांच्या परगण्यानुसार लावलेल्या सूचीतून देतात.

या टोकनांची कड पाहणे अपरिहार्य आहे. एकाच जोडीतील टोकन गुळगुळीत कडेचे, तिरप्या रेघांच्या कडेचे किंवा ‘लँकेस्टर, लंडन अथवा ब्रिस्टल येथे देय’ अशा मजकुराचे असू शकते, आणि प्रत्येकाचा क्रमांक व दुर्मीळता वेगळी असते. छायाचित्रात कड दिसत नसेल तर विक्रेत्याकडून तिचे छायाचित्र मागून घ्यावे. आणखी एक सावधगिरी म्हणजे, १७९४ नंतर संग्राहकांची आवड पाहून बर्मिंगहॅम आणि लंडनच्या ठसेकारांनी असंबद्ध ठशांच्या जोड्या मुद्दाम लावून टोकने पाडली. ती संख्येने दुर्मीळ आहेत, पण व्यवहारात कधीच फिरलेली नाहीत. माझी निवड नेहमीच प्रत्यक्ष बाजारात हातोहात गेलेल्या टोकनाला असेल, मग ते थोडे झिजलेले असले तरी चालेल.

तिसरा काळ नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या अखेरचा, मुख्यतः १८११ ते १८१४ चा आहे. त्या वेळी पुन्हा तांब्याच्या पेनी टोकनांचा पूर आला. १८१७ च्या कायद्याने ती बंद झाली. बर्मिंगहॅमच्या वर्कहाउसला (गरिबांना आसरा देऊन काम करून घेणाऱ्या संस्थेला) आणि शेफील्डच्या गरिबांच्या पर्यवेक्षकांना मात्र काही काळ सवलत मिळाली, कारण त्यांची टोकने गोरगरिबांच्या हातात होती. याच दोन ठिकाणांच्या पेनी सहज मिळतात आणि सुरुवातीला त्याच घ्याव्यात.

खरेदी, जपणूक आणि नोंद

स्थितीसाठी ब्रिटनमध्ये चढत्या क्रमाने फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड या श्रेणी वापरतात. व्हिक्टोरियाच्या पेनीवर कानाजवळचे केस आणि ब्रिटानियाचे वक्ष व मांडी आधी झिजतात, म्हणून तिथून श्रेणी ठरवावी. साध्या प्रकारात शक्य तितके चांगले नाणे घ्यावे. खरोखर दुर्मीळ ठशाचे नाणे मात्र ठसा स्पष्ट ओळखता येत असेल तर झिजलेलेही घ्यावे, कारण दुसरे मिळेलच असे नसते. ओतून केलेल्या बनावट नाण्याचे वजन बहुधा चुकते, त्यावर बारीक छिद्रे असतात आणि कडेला जोडाची रेषा दिसू शकते.

नाणी कधीही घासू नयेत, पॉलिश करू नयेत आणि लिंबू, चिंच किंवा कोणत्याही आम्लात टाकू नयेत. पेनी कडेने धरावी. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतून बाहेर पडणारे द्रव्य तांब्याला खाते, म्हणून आम्लविरहित कागदी लिफाफे किंवा महोगनीच्या खणांची कपाटे वापरावीत. ओकचे लाकूड टाळावे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणे तत्काळ इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे.

धातुशोधक यंत्र घेऊन शेतात टोकने शोधणाऱ्यांनी जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार किमान ३०० वर्षे जुनी, एकाच ठेव्यातील दहा किंवा अधिक साध्या धातूची नाणी सापडली तर चौदा दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. एकटेदुकटे टोकन त्यात येत नाही, तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे त्याची नोंद केल्यास ते कुठे चालत होते याची माहिती सर्वांना उपलब्ध होते.

प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यावर सन, दोन्ही ठशांची खूण, सूचीतील क्रमांक, वजन, व्यास, अक्ष, टोकन असेल तर कडेचा मजकूर, आणि खरेदीची तारीख व ठिकाण लिहावे. ठसा कोणत्या खुणेवरून ठरवला तेही एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे शंका आली तर तीच खूण पुन्हा तपासता येते. जुन्या संग्रहातील नाणे मिळाले तर त्यासोबत आलेली आधीच्या मालकाची हस्तलिखित चिठ्ठी टाकून देऊ नये. आपली चिठ्ठी तिच्या मागे ठेवावी आणि नाणे विकायची वेळ आली तर दोन्ही चिठ्ठ्या नव्या मालकाला द्याव्यात.